स्थितांबरातील लेशवायूंचे अक्षांशानुसार मापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोरड्या हवेचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन या तीन वायूंनी व्यापलेला आहे. उरलेल्या अत्यल्प भागात ओझोन, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, क्लोरोफ्लुरोकार्बन यांसारखे वायू सामावतात. त्यांना लेशवायू म्हणतात. जमिनीलगतच्या हवेत बाष्प पुष्कळ असते. परंतु स्थितांबरात ते इतके विरळ होते की तेथे त्याचीही गणना लेशवायूंतच करावी लागते. जमिनीपासून ध्रुवांजवळ सुमारे ८ किलोमीटर आणि विषुववृत्तावर सुमारे १६ ते १७ किलोमीटर उंचीवर तपांबर संपते. तेथून सुमारे ५० किलोमीटर उंचीपर्यंतचा थर म्हणजे स्थितांबर होय. या थरातील ओझोन सूर्याच्या अतिनील किरणांचा मोठा भाग अडवून धरतो, म्हणून जीवसृष्टीच्या दृष्टीने लेशवायूंचे महत्त्व त्यांच्या प्रमाणाच्या मानाने फार मोठे आहे.

हे वायू सर्व अक्षांशांवर सारखे पसरलेले नाहीत. एकाच उंचीवर विषुववृत्ताजवळ एखाद्या वायूचे जे प्रमाण आढळते, ते मध्य अक्षांशांवर वेगळे व ध्रुवाजवळ त्याहून वेगळे असते. हा फरक मोजण्याचे प्रयत्न १९२० च्या दशकात सुरू झाले. प्रस्तुत निबंधात या प्रयत्नांचा कालक्रमाने आढावा घेतला आहे. एका ठिकाणचे मापन कितीही काटेकोर असले तरी ते वायू किती आहे एवढेच सांगते. तो तेथे तेवढा का आहे, याचे उत्तर मात्र निरनिराळ्या अक्षांशांवरील मापने शेजारी शेजारी ठेवल्यावरच मिळाले, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

१. डॉब्सन यांचे निरीक्षण-जाळे :

वातावरणातील ओझोन सूर्यप्रकाशाच्या वर्णपटावरून मोजता येतो, हे फ्रान्समधील शार्ल फाब्री व आंरी ब्युइसाँ यांनी १९१३ साली दाखवून दिले होते. ओझोन अतिनील किरणांपैकी काही तरंगलांबी अधिक शोषतो, तर काही कमी. अशा दोन तरंगलांबींच्या तीव्रतेचे गुणोत्तर घेतले की निरीक्षकाच्या डोक्यावर एकूण किती ओझोन आहे, हे काढता येते. या तत्त्वावर ऑक्सफर्ड येथील जी. एम. बी. डॉब्सन यांनी १९२४ साली एक वर्णपटलेखक सिद्ध केला आणि ऑक्सफर्डनजीकच्या बोअर्स हिल येथून नियमित निरीक्षणे सुरू केली. पहिल्याच पूर्ण वर्षात, म्हणजे १९२५ मध्ये, ओझोन वसंत ऋतूत सर्वाधिक व शरद ऋतूत सर्वांत कमी असतो, असे त्यांना आढळले. वरवर पाहता ही गोष्ट चमत्कारिक होती. कारण सूर्यप्रकाशामुळे ओझोन तयार होत असेल, तर त्याचे प्रमाण उन्हाळ्यात वाढावयास हवे होते.

ही केवळ ऑक्सफर्डची स्थानिक बाब आहे की काय, हे ठरविण्यासाठी डॉब्सन यांनी आणखी उपकरणे तयार करवून १९२६ साली ती युरोपात बसविली. आयर्लंडमधील व्हॅलेंशिया, शेटलंड बेटांवरील लरविक, स्वीडनमधील अबिस्को, जर्मनीतील लिंडेनबर्ग आणि स्वित्झर्लंडमधील अरोसा ही ती ठिकाणे होत. पुढे ही उपकरणे परत मागवून जगभर नव्याने वाटण्यात आली. १९२८-२९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील टेबल माउंटन, इजिप्तमधील हेलवान, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च आणि दक्षिण भारतातील कोडाईकनाल येथे निरीक्षणे होऊ लागली. निरीक्षकाने सूर्याचा वर्णपट छायाचित्रण-काचेवर घ्यावयाचा आणि त्या काचा मोजणीसाठी ऑक्सफर्डला पाठवावयाच्या, अशी पद्धत होती. सर्व काचा एकाच ठिकाणी, एकाच रीतीने मोजल्या गेल्यामुळे दूरदूरची मापने परस्परांशी ताडून पाहण्याजोगी झाली. उपकरण सारखे, पद्धत सारखी आणि अक्षांश मात्र वेगळा, ही या जाळ्याची खरी ताकद होती.

या मापनांतून जे चित्र उभे राहिले, ते आजही मूलतः बदललेले नाही. सुमारे १० अंश उत्तर अक्षांशावरील कोडाईकनाल येथे ओझोन वर्षभर कमी आणि जवळजवळ स्थिर होता. उत्तरेकडे सरकत जावे तसे त्याचे प्रमाण वाढत होते आणि ऋतुमानानुसार होणारा चढउतारही मोठा होत होता. क्राइस्टचर्चच्या नोंदींवरून दक्षिण गोलार्धातही वसंत ऋतूतच ओझोन वाढतो, हे स्पष्ट झाले. पुढे प्रचारात आलेल्या डॉब्सन एककांत सांगावयाचे झाल्यास, उष्ण कटिबंधात साधारणतः २५० ते २७० एकके, तर उत्तरेकडील उच्च अक्षांशांवर वसंतात ४०० हून अधिक एकके असा हा फरक आहे. डोक्यावरचा सगळा ओझोन प्रमाण तापमान व दाबाखाली जमिनीवर आणला आणि त्याचा थर ३ मिलिमीटर जाडीचा भरला, तर त्यास ३०० डॉब्सन एकके म्हणतात.

२. सिद्धांत आणि मापन यांतील विसंगती :

१९३० साली सिडने चॅपमन यांनी ओझोनच्या निर्मितीचा प्रकाशरासायनिक सिद्धांत प्रसिद्ध केला. अतिनील किरणांमुळे ऑक्सिजनच्या रेणूचे दोन अणू वेगळे होतात. असा सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूशी जोडला जाऊन ओझोन तयार होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. यानुसार जेथे सूर्य सर्वांत प्रखर, तेथे, म्हणजेच विषुववृत्तावरील उच्च वातावरणात, ओझोनची निर्मिती सर्वाधिक व्हावयास हवी. कोडाईकनालच्या नोंदी मात्र नेमके उलट सांगत होत्या. जेथे ओझोन सर्वाधिक तयार होतो तेथेच तो सर्वांत कमी सापडावा आणि दीर्घ हिवाळी रात्र नुकतीच सरलेल्या प्रदेशात तो सर्वाधिक असावा, ही विसंगती केवळ रसायनशास्त्राच्या आधारे सुटणारी नव्हती.

उच्च वातावरणातील हवा विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे मंदपणे सरकते व ध्रुवांजवळ खाली उतरते असे मानले, तरच या दोन गोष्टींचा मेळ बसू शकेल, अशी शक्यता डॉब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ च्या निबंधातच नोंदवली होती. परंतु अशा प्रवाहाचा स्वतंत्र पुरावा तेव्हा उपलब्ध नव्हता. स्थितांबर हा शांत, थरावर थर रचलेला प्रदेश होय, अशीच त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. त्यामुळे ही सूचना सुमारे वीस वर्षे तशीच पडून राहिली.

३. बाष्पाची साक्ष :

हा पुरावा पुढे आला तो ओझोनच्या मापनातून नव्हे, तर बाष्पाच्या मापनातून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावरून उडणाऱ्या विमानांमागे पांढऱ्या रेषा उमटत आणि त्यांमुळे विमानांचा ठावठिकाणा शत्रूस कळत असे. या रेषा केव्हा उमटतात, हे समजण्यासाठी उंचावरील हवेतील बाष्प मोजणे आवश्यक झाले. डॉब्सन व ॲलन ब्रुअर यांनी त्यासाठी एक आर्द्रतामापक तयार केला. धातूचा पृष्ठभाग हळूहळू थंड करीत न्यावयाचा आणि त्यावर दहिवर धरू लागेल ते तापमान टिपावयाचे, असे त्याचे तत्त्व होते. या तापमानास येथे दहिवरबिंदू म्हटले आहे.

इंग्लंडवरील उड्डाणांत तपांबराची सीमा ओलांडताच दहिवरबिंदू झपाट्याने उतरून सुमारे उणे ८० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचतो, असे आढळले. इंग्लंडवर त्या सीमेचे तापमान मात्र साधारणतः उणे ५५ ते उणे ६० अंशांच्या दरम्यान असते. ही हवा इंग्लंडवरूनच वर चढली असती, तर तिच्यात पुष्कळ अधिक बाष्प उरावयास हवे होते. याचा अर्थ ती कोठेतरी याहून फार थंड ठिकाणातून गेली होती आणि तेथे तिच्यातील बाष्प गोठून गळून पडले होते. असे ठिकाण एकच होते : विषुववृत्तावरील तपांबराचा माथा. ब्रुअर यांनी हा युक्तिवाद १९४९ साली मांडला. हवा उष्ण कटिबंधातून स्थितांबरात शिरते, ध्रुवांकडे सरकते आणि तेथे खाली उतरते, असा त्याचा निष्कर्ष होता. १९५६ साली डॉब्सन यांनी हेच अभिसरण ओझोनच्या वाटणीसही लागू पडते, असे दाखविले. या अभिसरणास पुढे ब्रुअर-डॉब्सन अभिसरण हे नाव रूढ झाले आणि कोडाईकनालचे कोडे उलगडले. उष्ण कटिबंधात खालून सतत ओझोनविरळ हवा वर येत राहते, तर तेथे तयार झालेला ओझोन ध्रुवांकडे वाहून नेला जाऊन हिवाळ्यात साठत जातो.

४. भारतीय निरीक्षणांचे योगदान :

विषुववृत्तावरील तपांबराचा माथा अतिशय थंड असतो ही वस्तुस्थिती सुस्पष्टपणे मांडणाऱ्यांत भारतीय हवामानशास्त्र विभागातील के. आर. रामनाथन यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ठिकठिकाणच्या फुग्यांच्या निरीक्षणांवरून त्यांनी सुमारे २५ किलोमीटर उंचीपर्यंतच्या तापमानाची अक्षांशानुसार मांडणी केली व ती १९२९ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पृथ्वीवरील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर सुमारे १७ किलोमीटर उंचीवर आहे आणि तिचे तापमान निरपेक्ष मापनश्रेणीवर सुमारे १८५ अंश, म्हणजेच उणे ८८ अंश सेल्सिअसच्या जवळपास आहे, असे त्यांनी दाखविले. ब्रुअर यांच्या युक्तिवादास लागणारे शीतस्थान नेमके हेच होय. वीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या राशी मोजून हाती आलेली ही माहिती परस्परांना पूरक ठरली.

हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. ते पुढे दिल्लीस हलविले गेले, तरी उपकरणनिर्मितीचे मोठे केंद्र म्हणून पुण्याचे महत्त्व टिकून राहिले. तेथेच ॲना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकात भारतीय बनावटीचा ओझोनसाँड विकसित झाला. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा जाऊ दिली की ओझोनमुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून प्रत्येक उंचीवरील ओझोनचे प्रमाण कळते. दिल्ली, पुणे व तिरुवनंतपुरम येथून सोडलेल्या या उपकरणांमुळे सुमारे २८, १८ आणि ८ अंश उत्तर अशा तीन अक्षांशांवरील ओझोनचे उभे वितरण ताडून पाहता आले. दरम्यान अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून रामनाथन यांनी ओझोनचा अभ्यास पुढे नेला. उष्ण कटिबंधातील निरीक्षणांची जगाला वानवा असताना भारतातील ही केंद्रे काम करीत होती, ही बाब विसरता येण्याजोगी नाही.

५. जमिनीवर निर्माण होणाऱ्या वायूंचे मापन :

ओझोन स्थितांबरातच तयार होतो व तेथेच नष्ट होतो. त्यामुळे त्याच्या वाटणीत रसायनाचा भाग किती आणि वाऱ्यांचा भाग किती, हे वेगळे करणे अवघड जाते. याउलट नायट्रस ऑक्साइड, मिथेन व क्लोरोफ्लुरोकार्बन हे वायू जमिनीवरून वातावरणात येतात. त्यांपैकी नायट्रस ऑक्साइड व क्लोरोफ्लुरोकार्बन तपांबरात जवळजवळ अबाधित राहतात. मिथेनचा काही भाग तेथे नष्ट होत असला, तरी पुष्कळसा वर पोहोचतो. स्थितांबरात उंच गेल्यावर मात्र हे सर्व वायू क्रमाक्रमाने नष्ट होतात. म्हणून स्थितांबरातील एखाद्या ठिकाणी नायट्रस ऑक्साइड जितका कमी, तितकी तेथील हवा अधिक काळ उंचावर राहून आलेली, असे अनुमान काढता येते. हवेचे वय सांगणारी जणू ही खूणच आहे.

या वायूंच्या मापनाची पहिली मोठी पायरी समुद्रसपाटीवरची होती. जेम्स लव्हलॉक यांनी स्वतः विकसित केलेल्या अतिसंवेदनशील शोधकाच्या साहाय्याने १९७१-७२ मध्ये शॅकल्टन या जहाजावर ब्रिटन ते अंटार्क्टिका अशा प्रवासात क्लोरोफ्लुरोकार्बन मोजले. हवेच्या एक लाख कोटी रेणूंत जेमतेम काही दशक रेणू एवढेच त्यांचे प्रमाण होते. तरीही ते प्रत्येक अक्षांशावर सापडले. उत्तर गोलार्धात ते अधिक आणि दक्षिण गोलार्धात कमी होते. मानवनिर्मित वायू जगभर पोहोचला आहे आणि त्याचा उगम मुख्यतः उत्तरेत आहे, या दोन्ही गोष्टी एका सफरीत सिद्ध झाल्या. याच वायूंतील क्लोरीन स्थितांबरात मुक्त होऊन ओझोनचा नाश करील, असा इशारा मारिओ मोलिना व शेरवूड रोलँड यांनी १९७४ साली दिला. त्यानंतर स्थितांबरातील हवेचे नमुने गोळा करण्यास वेग आला. अमेरिकेत व युरोपात फुगे आणि उंचावरून उडणारी विमाने यांतून नमुने घेऊन ते प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले. १९७८ च्या ऑक्टोबरात सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावरील उपकरणांनी अवरक्त किरणांच्या आधारे मिथेन, नायट्रस ऑक्साइड, बाष्प, नायट्रिक आम्ल आदींचे अक्षांशानुसार नकाशे प्रथमच उपलब्ध करून दिले. समान प्रमाण दाखविणाऱ्या रेषा विषुववृत्तावर फुगून वर चढतात आणि ध्रुवांकडे उतरत जातात, हे त्यांत स्पष्ट दिसले. ब्रुअर व डॉब्सन यांनी मोजक्या मापनांवरून केलेले अनुमान येथे प्रत्यक्ष चित्ररूपाने समोर आले.

६. हैदराबाद येथील उड्डाणे :

उपग्रहाचे मापन किरणांवरून केलेले असते. प्रत्यक्ष हवा हाती घेऊन त्याची खातरजमा करणे आवश्यक असते. अशी मापने उष्ण कटिबंधात विरळ होती. वैश्विक किरणांच्या अभ्यासाची परंपरा असलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगा-केंद्र हैदराबाद येथे होते. सुमारे १७.५ अंश उत्तर अक्षांशावरील हे केंद्र या कामासाठी उपयुक्त ठरले. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि जर्मनीतील लिंडाऊ येथील माक्स प्लांक संस्था यांनी मिळून १९८७, १९९०, १९९४ व १९९८ साली येथून हवेचे नमुने गोळा करणारी उड्डाणे केली. द्रवरूप निऑनने सुमारे उणे २४६ अंशांपर्यंत थंड केलेल्या पोलादी नळकांड्यांत ठरावीक उंचीवर हवा शिरू दिली जाई व ती आतच गोठून साठे. नंतर प्रयोगशाळेत प्रत्येक नळकांड्यातील वायूंचे पृथक्करण होई.

याच तंत्राने दक्षिण फ्रान्समधून व उत्तर स्वीडनमधील किरुना येथूनही नमुने घेतले गेले होते. त्यामुळे उष्ण, मध्य व उच्च अशा तिन्ही अक्षांशांवरील आकडे ताडून पाहता आले. हैदराबादवर जे प्रमाण बऱ्याच उंचीवर टिकून राहते, तेच उत्तरेकडे कित्येक किलोमीटर खाली आढळते, हे या तुलनेतून दिसले. एकाच केंद्रावरून अकरा वर्षांत चार वेळा मापन झाल्यामुळे उष्ण कटिबंधातून वर जाणाऱ्या हवेत क्लोरोफ्लुरोकार्बनसारखे वायू कसे वाढत गेले, हेही कळले. डॉब्सन यांच्या काळात कोडाईकनालने जे कार्य केले, तेच या काळात हैदराबादने केले, असे म्हणता येईल.

७. अंटार्क्टिका : तुलनेची कसोटी :

१९८५ च्या मे महिन्यात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांनी सुमारे ७६ अंश दक्षिण अक्षांशावरील हॅले केंद्राच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या, म्हणजे १९५७-५८ च्या, सुमारास सुरू झालेल्या या नोंदींत ऑक्टोबरमधील ओझोन सुमारे ३०० एककांवरून १९८४ पर्यंत २०० च्या आसपास घसरला होता. ही मापने डॉब्सन यांच्याच पद्धतीच्या उपकरणाने केलेली होती. निंबस-७ वरील उपकरणासही ही घट दिसत होती. परंतु इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून वेगळे काढले जात होते. १९८६ साली उपग्रहाच्या नोंदींनी ही घट अंटार्क्टिकाच्या विस्तीर्ण प्रदेशावर पसरल्याचे स्पष्ट केले.

या घटीच्या कारणाविषयी मात्र मतभेद होते. क्लोरीनमुळे ओझोन नष्ट होतो, असे एक मत. वाऱ्यांच्या बदलामुळे खालची ओझोनविरळ हवा वर येते, असे दुसरे मत. १९८७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिलीतील पुंटा अरेनास येथून ईआर-२ हे विमान सुमारे १८ किलोमीटर उंचीवरून दक्षिणेकडे वारंवार नेण्यात आले. खालची हवा वर येत असेल, तर ध्रुवीय भोवऱ्यात नायट्रस ऑक्साइड अधिक सापडावयास हवा होता. प्रत्यक्षात तो फार कमी सापडला. म्हणजे तेथील हवा वरून खाली उतरलेली होती. जेम्स अँडरसन यांच्या उपकरणाने क्लोरीन मोनॉक्साइड मोजला. २३ ऑगस्टच्या उड्डाणात भोवऱ्यात शिरताच त्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. ओझोनमध्ये मात्र अद्याप मोठी घट नव्हती. १६ सप्टेंबरच्या उड्डाणात ज्या अक्षांशावर क्लोरीन मोनॉक्साइड चढला, त्याच अक्षांशावर ओझोन कोसळलेला आढळला. दोन्ही आलेख एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे होते. त्याच दिवशी मॉन्ट्रियल करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, हा योगायोग होय. तथापि कराराच्या पुढील दुरुस्त्यांना या मापनांनी भक्कम आधार दिला.

८. अलीकडील काळातील उपयोग :

१९९१ व २००४ साली सोडलेल्या अनुक्रमे यूएआरएस व ऑरा या उपग्रहांनी अनेक लेशवायूंची जागतिक मापने दिली. तरीही अक्षांशानुसार तुलनेचे महत्त्व कमी झाले नाही. करारानुसार सीएफसी-११ या वायूचे उत्पादन २०१० पर्यंत जगभर थांबावयाचे होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र जमिनीवरील केंद्रांच्या नोंदींवरून असे दिसले की २०१२ नंतर या वायूची घट मंदावली असून उत्तर व दक्षिण गोलार्धांतील त्याच्या प्रमाणातील अंतर वाढले आहे. उत्सर्जन उत्तर गोलार्धात पुन्हा वाढल्याची ती खूण होती. उगम पूर्व आशियात असल्याचे पुढील अभ्यासातून निश्चित झाले आणि नंतरच्या नोंदींत उत्सर्जन घटल्याचे आढळले. लव्हलॉक यांनी जहाजावरून टिपलेला दोन गोलार्धांतील फरकच येथे करारभंगाचा साक्षीदार ठरला.

निष्कर्ष :

१. स्थितांबरातील हवा संथपणे अभिसरण पावते, हे ज्ञान थेट वारा मोजून मिळालेले नाही. ओझोन व बाष्प यांच्या अक्षांशानुसार तुलनेतून ते प्राप्त झाले.

२. या तुलनेचा पाया एकाच प्रकारची उपकरणे, एकच मोजणीपद्धत आणि दीर्घकाळ खंड न पडू देता केलेल्या नोंदी हा होता. हॅलेच्या नोंदी मध्येच बंद पडल्या असत्या, तर ओझोनची घट कळण्यास अधिक विलंब लागला असता.

३. उष्ण कटिबंध हे स्थितांबराचे प्रवेशद्वार असल्याने तेथील मापनांवाचून जागतिक चित्र अपुरे राहते. कोडाईकनाल, पुणे, अहमदाबाद व हैदराबाद येथील कार्याकडे या दृष्टीने पाहणे उचित ठरेल.

४. ज्या मापनांतून त्या त्या वेळी काहीच नवे निघत नाही असे वाटते, तीच पुढे निर्णायक ठरू शकतात. कोडाईकनालचा वर्षभर जवळजवळ न बदलणारा आकडा निरीक्षकास कंटाळवाणा वाटला असेल. परंतु उत्तरेकडील आकड्यांशेजारी ठेवताच त्याने संपूर्ण स्थितांबराच्या गतीचा प्रश्न उभा केला. निरीक्षण केंद्रे चालू ठेवावीत की बंद करावीत, याचा निर्णय घेताना हा इतिहास ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.